मुलांचे दात, जबडा आणि चेहरा: कोणता फोटो, कधी आणि कशासाठी?

‘मुलाच्या दातांचा फोटो काढून आणा,’ असे डॉक्टरांनी सांगितले की पालकांच्या साधारण दोन प्रतिक्रिया दिसतात. काहींना वाटते, एवढ्याशा जिवाला किरणे कशाला द्यायची? आणि काही म्हणतात, साधा एक्स-रे कशाला, सरळ सीटी स्कॅनच करू, म्हणजे सगळे एकदाच कळेल. या दोन्हींमुळे मुलाचे नुकसान होऊ शकते. पहिल्या बाबतीत वेळेवर कळायला हवी ती गोष्ट उशिरा कळते. दुसऱ्या बाबतीत गरज नसताना कितीतरी पट जास्त किरणे मुलाच्या अंगावर जातात.

दात, जबडा आणि चेहरा यांच्या तक्रारींसाठी मुलांमध्ये कोणत्या तपासण्या वापरतात, कोणत्या तक्रारीत कोणती उपयोगी पडते आणि फोटोची गरज नसते तेव्हा काय करायचे, हे या लेखात पाहू. एक नियम सगळीकडे लागू आहे: फोटो काढण्याआधी प्रश्न ठरलेला असावा आणि त्याच्या उत्तराने उपचारात काहीतरी फरक पडायला हवा.

मुलांचा जबडा मोठ्यांपेक्षा वेगळा कसा?

दुधाचे दात २० असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. पुढे बारा-तेरा वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे दात येत राहतात. अक्कलदाढा धरून कायमचे दात ३२.

म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दिसणारे दात आणि हाडात तयार होत असलेले दात मिळून ४० हून अधिक दात एकाच वेळी असतात. त्यातला एखादा वाकड्या दिशेने निघाला, एखादा तयारच झाला नाही किंवा एखादा जास्तीचा झाला, तरी वरून काही कळत नाही. त्यामुळे मुलांमध्ये फोटोला महत्त्व आहे.

दुसरा फरक वाढीचा. खालच्या जबड्याच्या वाढीत कानासमोरच्या सांध्याजवळच्या हाडाचा मोठा वाटा असतो. मोठ्या माणसाचे ते हाड मोडले तर प्रश्न मुख्यतः हाड जुळण्याचा असतो. लहान मुलाचे मोडले तर पुढच्या दहा-बारा वर्षांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

आधी पाहणे आणि हात लावणे, मग फोटो

चांगल्या प्रकाशात तोंड उघडून पाहणे, हिरडीवरून बोट फिरवणे, दात मोजणे, मुलाला तोंड उघडायला आणि मिटायला सांगणे, चेहरा समोरून, बाजूने आणि वरून पाहणे. एवढ्यातच बऱ्याच गोष्टी समजतात. उदाहरणार्थ, दुभंगलेला ओठ किंवा दुभंगलेली टाळू ओळखायला कोणत्याही स्कॅनची गरज नसते. टॉर्च आणि हातमोजा घातलेले बोट पुरते. टाळू वरवर अखंड दिसत असली, पण पडजीभ दोन भागांत फाटलेली असेल आणि मूल नाकात बोलत असेल, तर कातडीखालची टाळू दुभंगलेली असू शकते, हेही पाहूनच लक्षात येते.

बाळाचे डोके एका बाजूला चपटे दिसते म्हणून अनेक पालक घाबरून सीटी स्कॅनबद्दल विचारतात. सतत एकाच कुशीवर झोपल्याने किंवा मानेचा एक स्नायू आखडल्याने डोके चपटे झालेले असते, तेव्हा बहुधा तपासणीतच ते ओळखता येते आणि स्कॅन लागत नाही. कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्याची शंका असेल तर गोष्ट वेगळी. अगदी लहान बाळात हे सांधे सोनोग्राफीनेही पाहता येतात. शस्त्रक्रिया ठरवायची असेल तेव्हा कमी मात्रेचा सीटी केला जातो.

कोणकोणत्या तपासण्या असतात?

तोंडातला छोटा एक्स-रे (आयओपीए, बाइटविंग). छोटी फिल्म किंवा सेन्सर तोंडात धरून दोन-तीन दातांचा फोटो घेतात. डिजिटल सेन्सरने काढलेल्या फोटोला अनेक दवाखान्यांत आरव्हीजी म्हणतात. दाताच्या मुळाशी पू झाला आहे का, मार लागलेल्या दाताचे मूळ मोडले आहे का, हे यात उत्तम दिसते. बाइटविंग हा दोन दाढांच्या मधली कीड पाहण्याचा फोटो. दाढा एकमेकींना चिकटून असल्या की मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, तेव्हाच त्याचा उपयोग. दातांत मोकळ्या फटी असतील आणि सगळ्या बाजू दिसत असतील तर तो लागत नाही.

ओपीजी. यंत्र डोक्याभोवती फिरते आणि १५ ते २० सेकंदांत दोन्ही जबडे एका लांब फोटोत येतात. किती दात आहेत, किती नाहीत, कोणता कुठे अडकला आहे, जबड्यात गाठ किंवा पोकळी आहे का, हे पाहण्यासाठी तो चांगला. मात्र मूल तेवढा वेळ स्थिर उभे राहायला हवे, म्हणून साधारण पाच-सहा वर्षांच्या आधी तो नीट निघत नाही. समोरच्या दातांवर मानेच्या मणक्याची सावली येते, त्यामुळे पटाशीचे दात काहीसे धूसर दिसतात. छोटी कीडही यात चुकू शकते.

लॅटरल सेफ. चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या तुलनेत किती पुढे-मागे आहे, हे यावर मोजतात. तारा लावण्याचे किंवा जबड्याची वाढ वळवण्याचे उपचार ठरवताना लागतो. यातच मानेचे मणके दिसतात आणि त्यांच्या आकारावरून वाढ किती बाकी आहे याचा अंदाज येतो.

सीबीसीटी. जबड्याचा त्रिमितीय फोटो. हाड आणि दात यात बारकाईने दिसतात, स्नायू आणि गाठीचा मऊ भाग मात्र नीट दिसत नाही. फक्त दोन-तीन दातांपुरता छोटा भागही घेता येतो आणि पूर्ण चेहराही. मात्रेत त्यामुळे मोठा फरक पडतो.

सीटी स्कॅन. मोठा अपघात, चेहऱ्याची अनेक हाडे मोडणे, मानेत खोलवर पू पसरणे, जबड्यातील मोठी गाठ किंवा चेहऱ्याची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यांसाठी.

एमआरआय. यात किरणे नसतात. जबड्याच्या सांध्यातील सूज, सांध्यातली कूर्चेची चकती, मऊ गाठी यात चांगल्या दिसतात. यंत्राचा आवाज मोठा असतो आणि बराच वेळ न हलता पडून राहावे लागते, म्हणून लहान मुलांना अनेकदा झोपेचे औषध किंवा भूल द्यावी लागते.

सोनोग्राफी. यातही किरणे नाहीत, भूलही नाही. गालावरची, जबड्याखालची किंवा मानेची सूज असेल तर पहिली तपासणी बहुतेक वेळा हीच असावी. सुजलेली गाठ लसीका ग्रंथीची आहे की लाळग्रंथीची, आत पू आहे का, रक्तवाहिन्यांचे जाळे आहे का, हे समजते.

कोणत्या तक्रारीत काय?

१. मूल हनुवटीवर पडले

हा भाग नीट वाचावा. सायकलवरून, पायऱ्यांवरून किंवा झोक्यावरून मूल पडते, हनुवटी फुटते, टाके पडतात आणि घरी सोडले जाते. पण हनुवटीवर बसलेला धक्का जबड्याच्या हाडातून थेट कानासमोरच्या सांध्यापर्यंत जातो. तिथले हाड मोडले तर बाहेरून जखम दिसत नाही. चार-पाच दिवसांत दुखणे कमी होते आणि विषय संपला असे सगळ्यांना वाटते.

काही मुलांमध्ये पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत सांधा हाडाने जुळून जातो. तोंड हळूहळू कमी उघडू लागते. घास घेता येत नाही, दात घासता येत नाहीत, खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे राहते आणि झोपेत श्वास अडू लागतो. मग मोठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिच्यानंतरही रोज व्यायाम करावा लागतो.

म्हणून हनुवटी फुटलेल्या प्रत्येक मुलात या गोष्टी पाहाव्यात:

- कानासमोर दाबल्यावर दुखते का?
- तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का? बहुधा ती मार लागलेल्या बाजूकडे जाते.
- दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का?
- कानातून रक्त आले का?
- मुलाची स्वतःची तीन बोटे, एकावर एक उभी धरून, समोरच्या दातांमध्ये जातात का?

यातले एकही उत्तर गडबडीचे असेल तर सांध्याचा फोटो हवा. सुरुवात सहसा ओपीजी आणि जबड्याच्या समोरून घेतलेल्या एक्स-रेने होते. अगदी लहान मुलांत हाड पूर्ण मोडण्याऐवजी ओल्या फांदीसारखे वाकते किंवा सांध्याच्या आतच चिरडते. ते साध्या एक्स-रेत निसटू शकते. अशा वेळी त्या भागाचा सीबीसीटी किंवा सीटी योग्य ठरतो. मूल बेशुद्ध झाले होते, उलट्या होत आहेत किंवा सुस्त आहे, तर डोके आधी. त्यासाठी सीटी होणारच असेल तर जबड्याचे सांधे त्याच स्कॅनमध्ये घेता येतील का, हे विचारावे. दुसरा स्कॅन वाचतो.

फ्रॅक्चर निघाले तरी मुलांमध्ये बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही. मऊ आहार, वेदनाशामक औषध, थोड्याच दिवसांत सुरू केलेले तोंड उघडण्याचे व्यायाम आणि पुढची काही वर्षे ठरावीक काळाने तपासणी, असे उपचार असतात. मूल बरे दिसते म्हणून ही नंतरची तपासणी सोडू नका.

सांधा जुळण्याचे आणखी एक कारण म्हणजे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला कानातील पू. कान फुटलेल्या मुलाचे तोंड कमी उघडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मूल किशोरवयीन असेल तर सुपारी, गुटखा याबद्दल न रागावता विचारा. त्यानेही तोंड उघडणे कमी होते, आणि त्याचे निदान मुख्यतः गालाच्या आतली पांढुरकी, कडक झालेली त्वचा पाहून होते, एक्स-रेने नाही.

२. दाताला मार लागला

त्या दाताचा छोटा एक्स-रे पुरेसा असतो. मूळ मोडले आहे का, दात हाडात रुतला आहे का आणि दुधाचा दात खालच्या कायमच्या दाताच्या कोंबाजवळ गेला आहे का, हे पाहायचे असते. तुटलेला तुकडा सापडत नसेल तर तो ओठात घुसलेला असू शकतो. ओठ सुजला असेल तर ओठाचाही छोटा फोटो घेतात. तुकडा हरवला आहे आणि मूल खोकत आहे किंवा श्वासात घरघर आहे, तर छातीचा एक्स-रे हवा.

कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर फोटोची वाट पाहू नका. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, माती असेल तर दुधाने किंवा पाण्याने हलकेच धुवा, जमल्यास जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवून लगेच डेंटिस्टकडे जा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. मार लागलेल्या दाताचे एक्स-रे पुढे काही महिने पुन्हा पुन्हा काढावे लागतात. मुळाची झीज उशिरा सुरू होते, म्हणून हे फोटो अनावश्यक समजू नयेत.

३. दात आला नाही, वाकडा आला किंवा जास्तीचा आला

एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात आला नाही, तर तपासणी करा. वरच्या पटाशीच्या दातांत हे झाले तर मध्ये जास्तीचा दात अडकलेला असण्याची शक्यता असते.

वरच्या सुळ्यांचा विषय वेगळा आहे. ते साधारण ११-१२ व्या वर्षी येतात, पण दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीच्या बाहेरच्या बाजूने बोट फिरवले तर त्यांचा उंचवटा हाताला लागायला हवा. तो लागत नसेल किंवा एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर सुळा टाळूकडे वळला असू शकतो. वळलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळ झिजवतो, आणि ते झिजताना दुखत नाही. वेळेत कळले तर काही मुलांत फक्त दुधाचा सुळा काढूनही खालचा दात योग्य वाटेला लागतो. वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या दोन साध्या फोटोंवरून दात पुढे आहे की टाळूकडे, हे ठरवता येते. मूळ झिजल्याची शंका असेल तर तेवढ्या भागाचा छोटा सीबीसीटी योग्य आहे.

बरेच दात आलेच नाहीत, आलेले टोकदार आहेत, केस विरळ आहेत आणि घाम येत नाही, अशा मुलाला एक्टोडर्मल डिस्प्लेझिया असू शकतो. ओपीजीत किती दात तयार झाले ते कळते. पण त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे अशा मुलाचे अंग उन्हाळ्यात धोकादायक तापू शकते. ‘सारखा ताप येतो आणि दातही नाहीत’ या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजू नका.

४. गाल किंवा जबडा सुजला

किडलेल्या दाढेमुळे सूज असेल तर त्या दाढेचा छोटा एक्स-रे पुरतो. केवळ अँटिबायोटिक घेऊन सूज उतरली तरी दाढेचा उपचार राहतोच. कानाच्या पाळीखालची सूज गालगुंडाची असू शकते, तिला फोटो लागत नाही. कारण स्पष्ट नसेल तर सोनोग्राफी.

जबड्याचे हाडच हळूहळू फुगत असेल तर ओपीजी हवा. न आलेल्या दाताभोवती पाण्याची पोकळी होणे हे मुलांमधले एक नेहमीचे कारण आहे. काही गाठी साध्या असतात, काहींचे बायोप्सीशिवाय निदान होत नाही. पुढील गोष्टी असतील तर थांबू नका: काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी सूज, कीड किंवा मार नसताना हलू लागलेल्या दाढा, ओठाचा बधिरपणा, वजन घटणे.

हिरडीतून आपोआप वारंवार रक्त येत असेल आणि तिथला दात हलत असेल किंवा त्यात ठोके जाणवत असतील, तर फोटो काढल्याशिवाय तो दात कोणालाही उपटू देऊ नका. हाडात रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि दात काढताच जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

५. दुभंगलेला ओठ आणि टाळू

जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात हे व्यंग आढळते. गरोदरपणातल्या १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दुभंगलेला ओठ अनेकदा दिसतो. फक्त टाळू दुभंगलेली असेल तर ती बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे ‘सोनोग्राफी नॉर्मल होती, मग असे कसे झाले?’ यात नेहमी कोणाची चूक असतेच असे नाही. व्यंग शोधण्यासाठीची ही सोनोग्राफी कायदेशीर आहे. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती लिंगनिदानाला.

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत करतात. त्यासाठी चेहऱ्याच्या स्कॅनची सहसा गरज नसते. फोटो महत्त्वाचा ठरतो पुढे. हिरडीच्या हाडातही फट असेल तर साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान तिथे हाड भरतात, म्हणजे सुळ्याला खाली यायला जागा मिळते. नेमका काळ सुळ्याचे मूळ किती तयार झाले यावरून ठरतो आणि ते एक्स-रेतच कळते. लहानपणची शस्त्रक्रिया छान झाली म्हणून आठव्या वर्षी तपासणीला न जाणे, ही अनेक कुटुंबांकडून होणारी गोष्ट आहे. ती टाळा.

६. चेहरा एका बाजूला लहान किंवा हनुवटी मागे

जन्मापासून एक बाजू लहान, कान लहान किंवा कानासमोर मांसाचा छोटा तुकडा असेल तर जबड्याबरोबर ऐकू येणे, पाठीचा कणा आणि मूत्रपिंडेही तपासावीत. मूत्रपिंडांसाठी सोनोग्राफी पुरते. चेहऱ्याचा त्रिमितीय सीटी शस्त्रक्रिया ठरवण्याच्या वेळी करावा, केवळ नोंद म्हणून दरवर्षी नाही. वाढीची नोंद ठेवायला ठरावीक कोनातून काढलेले साधे कॅमेऱ्याचे फोटोही चांगले.

लहान मुलांचा संधिवात असेल तर जबड्याचा सांधा न दुखताही बिघडतो. एक्स-रेत बदल उशिरा दिसतो, एमआरआयमध्ये लवकर. दातांना स्टीलच्या तारा बसवल्या की एमआरआयचे चित्र बिघडते, म्हणून तारा बसवण्याआधीच सांध्यांच्या डॉक्टरांशी बोला.

किरणांची भीती किती बाळगावी?

आपल्या सगळ्यांच्या अंगावर माती, हवा आणि आकाशातून नैसर्गिक किरणे रोज पडत असतात. जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण ६ ते ७ मायक्रोसीव्हर्ट. त्याच्या तुलनेत ढोबळ आकडे असे:

- तोंडातला एक छोटा डिजिटल एक्स-रे: काही मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे फार तर एक-दोन दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतका
- लॅटरल सेफ: साधारण तेवढाच
- ओपीजी: सुमारे ३ ते २४ मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे अर्ध्या ते चार दिवसांइतका
- सीबीसीटी: यंत्र आणि घेतलेला भाग यांनुसार दहा-वीसपासून काही शे, क्वचित हजारापर्यंत
- जबड्याचा सीटी: काही शे ते हजाराच्या वर
- सोनोग्राफी आणि एमआरआय: शून्य

एका छोट्या एक्स-रेचा धोका नगण्य आहे. त्याला घाबरून गरजेचा फोटो टाळू नये. मात्र मुलांच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढे मोठे आयुष्य बाकी असते, म्हणून सीबीसीटी आणि सीटी सवयीने करू नयेत. लहान मुलाची थायरॉइड ग्रंथी जबड्याच्या जवळ असते. मोठ्यांच्या सेटिंगवर मुलाचा स्कॅन केला तर तिला अकारण जास्त मात्रा मिळते. मुलांचे स्कॅन मुलांच्या मापाने व्हावेत, यासाठी ‘इमेज जेंटली’ ही मोहीम २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये ती दातांच्या तपासणीतही आली.

लीड एप्रनबद्दल आता मत बदलले आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितले की दातांच्या फोटोसाठी एप्रन आणि थायरॉइड कॉलर नेहमी घालण्याची गरज नाही. आधुनिक यंत्रात किरणे नेमक्या भागापुरतीच जातात आणि कॉलर मध्ये आला तर फोटो बिघडून पुन्हा काढावा लागतो. म्हणून एप्रन दिला नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला, असे समजू नका. आपल्याकडे अनेक ठिकाणी तो अजून देतात, फोटोच्या आड येत नसेल तर हरकत नाही. मुलाला धरायला थांबणाऱ्या नातेवाइकाने मात्र एप्रन घालावा, आणि गरोदर बाईने थांबू नये.

भारतात एक्स-रे यंत्रे वापरण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची परवानगी लागते. यात दातांची यंत्रेही आली. केंद्राकडे ती आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

फोटो काढण्याआधी विचारायचे प्रश्न

१. या फोटोतून नेमके काय कळणार आहे?
२. त्यावरून उपचार बदलणार आहे का?
३. याआधी काढलेला फोटो चालेल का?
४. किरणे नसलेली किंवा कमी किरणांची तपासणी आहे का?
५. सीबीसीटी असेल तर फक्त गरजेचा भाग घेता येईल का? सेटिंग मुलांसाठीचे आहे ना?
६. रिपोर्ट कोण देणार?

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी नाराज होत नाहीत. ‘सातव्या वर्षी सगळ्यांचा ओपीजी करतात’ हे पुरेसे कारण नाही. सातव्या वर्षी दातांची ठेवण एकदा दाखवून घ्यावी हे बरोबर, पण फोटो तपासणीत काही आढळले तरच.

मुलाची तयारी आणि फोटो सांभाळणे

मुलाला खोटे सांगू नका. ‘काही होणार नाही’ यापेक्षा ‘यंत्र तुझ्याभोवती फिरेल, वीस आकडे मोजेपर्यंत पुतळा व्हायचे’ असे सांगितले तर मूल सहकार्य करते. घरी आधी पुतळ्याचा खेळ खेळा. कानातले, चेन, केसांच्या पिना काढा. मूल फारच रडत असेल आणि तातडी नसेल तर दुसऱ्या दिवशी या. हललेला फोटो म्हणजे वाया गेलेली किरणे.

मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून पक्के निदान होत नाही. स्कॅनची मूळ डिजिटल फाइल सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या, तारीख लिहा आणि जपून ठेवा. डॉक्टर बदलले तरी तोच स्कॅन चालतो.

कुठे जावे?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय येथे मुलांच्या दातांचे आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि सरकारी शाळांमध्ये तपासणी होते, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूसारख्या व्यंगांवर पुढील उपचार मोफत मिळतात. तुमच्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा.

लगेच रुग्णालयात न्यावे असे

- ताप, लाळ गळणे, जिभेखाली किंवा मानेत पसरणारी सूज, तोंड न उघडणे
- सूज डोळ्यापर्यंत चढणे
- श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास
- पडल्यानंतर बेशुद्धी, उलट्या किंवा कानातून रक्त
- तोंडातून न थांबणारा रक्तस्राव

अशा वेळी आधी मुलाला स्थिर करायचे असते, कोणता फोटो काढायचा ते तिथले डॉक्टर ठरवतील. कायमचा दात मुळासकट बाहेर आला असेल तर लगेच डेंटिस्टकडे जायचे; ते सोडले तर बाकीच्या बहुतेक तक्रारींत एक दिवस थांबून नीट तपासणी करून घेतली तर सहसा काही बिघडत नाही. आणि घरात नुकतीच कोणाची हनुवटी फुटली असेल, तर आज संध्याकाळी त्या मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि तीन बोटे जातात का ते पाहा. आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. बोटे कमी जाऊ लागली तर दुखत नसले तरी डॉक्टरांकडे घेऊन जा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलासाठी कोणती तपासणी योग्य, हे त्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.